डायनासोर-युगाच्या अखेरचे सस्तन प्राणी: सुट्या दातांचा शोध आणि ओळख

डायनासोर-युगाच्या अखेरच्या टप्प्यातील सस्तन प्राण्याचा जीवाश्म म्हणजे बहुतेक वेळा एक सुटा दात असतो आणि त्याची लांबी अनेकदा एक-दोन मिलिमीटरच भरते. मंगोलियातील गोबी वाळवंटासारख्या मोजक्या ठिकाणी कवट्या आणि सांगाडे मिळतात. इतरत्र या लहान प्राण्यांची पातळ हाडे नदीच्या प्रवाहात आणि मातीत मोडून जातात. एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे दात मात्र टिकतात. सस्तन प्राण्यांच्या दाढांची घडण गटागटांत इतकी वेगळी असते की एका दाढेवरूनही प्राण्याचा वंश (जवळच्या जातींचा गट) सांगता येतो. तो प्राणी कोणत्या काळात जगला, हे मात्र दात सांगत नाही. ते थर सांगतो. ही दोन उत्तरे वेगवेगळ्या मार्गांनी मिळवायची असतात आणि पुढील सर्व सूचना त्याच धोरणाने दिल्या आहेत.

थराची निवड आणि नोंद

क्रिटेशस या डायनासोर-युगातील शेवटच्या कल्पाचा शेवट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेल्या लघुग्रहाची खूण म्हणून त्या सीमेवर जगभर अनेक ठिकाणी इरिडियम या धातूचे प्रमाण वाढलेला मातीचा पातळ थर सापडतो. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह याच इरिडियमच्या आधारे आघाताची कल्पना मांडली. ही सीमा आणि सस्तन प्राण्यांचे जीवाश्म एकाच उभ्या छेदात पाहण्यासाठी अमेरिकेतील माँटाना राज्याचा ईशान्य भाग सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. तेथे खाली हेल क्रीक शैलसमूह आणि वर फोर्ट युनियन शैलसमूह असून त्यांच्या दरम्यान कोळशाचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. भारतात दख्खनच्या लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात तळ्यांत आणि ओढ्यांत साचलेले गाळाचे थर याच काळाच्या आसपासचे आहेत. तेलंगणातील नास्कल येथील अशा थरातून मिळालेल्या दातांवरून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये ‘डेक्कनोलेस्टेस’ या वंशाचे वर्णन केले आणि भारतातील क्रिटेशस सस्तन प्राण्याची ती पहिली नोंद ठरली.

शोध सुरू करण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची आणि संबंधित शासकीय खात्याची लेखी परवानगी घ्यावी. अमेरिकेतील संघराज्याच्या मालकीच्या भूमीवरून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म उचलण्यासाठी २००९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, तर मंगोलियात जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता मानली जाते. परवानगीविना आणलेला दात कितीही दुर्मीळ असला तरी कोणतेही जबाबदार संग्रहालय तो स्वीकारत नाही.

थर निवडताना मोठ्या हाडांकडे पाहू नये. ज्या ठिकाणी जुन्या नदीच्या पात्राच्या तळाशी मातीचे गोटे, कासवाच्या कवचाचे तुकडे, माशांचे मणके आणि ‘गार’ नावाच्या माशाचे चकचकीत, चौकटीच्या आकाराचे खवले एकत्र साचलेले दिसतात, तेथे सस्तन प्राण्यांचे दात असण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण प्रवाहाने सारख्या वजनाच्या वस्तू एकाच जागी आणून सोडलेल्या असतात. झिजलेल्या उतारावर गुडघ्यांवर बसून, उन्हाचा कोन तिरपा असताना, जमिनीपासून वीतभर अंतरावरून पाहिल्यास हे खवले चमकतात. ते दिसले की त्यांचा माग उताराने वर काढत जावे. जेथे ते दिसेनासे होतात, त्याच्या किंचित खाली मूळ थर असतो.

एक जुनी युक्ती येथे सांगण्यासारखी आहे. काही मुंग्या आपल्या वारुळावर बारीक खडे आणून पसरतात आणि त्या खड्यांत दातही येतात. वायोमिंगमध्ये जॉन बेल हॅचर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी वारुळे चाळून क्रिटेशस सस्तन प्राण्यांचे दात मोठ्या संख्येने जमवले. माँटानातील एका प्रसिद्ध स्थळाचे नावच ‘बग क्रीक अँटहिल्स’ असे आहे. तथापि मुंगी दात कोणत्या थरातून आणते हे समजत नाही. त्यामुळे वारूळ हा जवळपास दात आहेत याचा संकेत मानावा, वयाचा पुरावा मानू नये.

मूळ थर सापडल्यावर एकही ढेकूळ उचलण्यापूर्वी नोंदी पूर्ण कराव्यात. सहज ओळखता येणारा एखादा थर, उदाहरणार्थ कोळशाचा किंवा राखेचा, संदर्भ म्हणून घ्यावा आणि त्यापासून नमुन्याचा थर किती सेंटिमीटर वर अथवा खाली आहे हे मोजावे. जीपीएसवरील स्थान, मोजपट्टीसह छायाचित्रे आणि थरांचा आराखडा वहीत त्याच जागी काढावा. राखेच्या थराचा वेगळा नमुना घेण्यास विसरू नये, कारण त्यातील सॅनिडीन किंवा झिरकॉन या खनिजांवरून प्रयोगशाळेत निरपेक्ष, म्हणजे वर्षांतले, वय काढता येते. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर असावी. बाहेरची चिठ्ठी ओलाव्याने पुसली जाते, हा नेहमीचा अनुभव आहे.

या नोंदींवर इतका भर का, याचे उत्तर बग क्रीकच्याच इतिहासात आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट स्लोन आणि ली व्हॅन व्हेलन यांनी तेथील जीवाश्मांचे वर्णन केले तेव्हा डायनासोरचे दात आणि प्रोटुंग्युलेटमसारख्या, खुरवाल्या प्राण्यांशी साम्य असलेल्या सस्तनांचे दात एकाच वाळूत होते. त्यावरून नव्या प्रकारचे सस्तन प्राणी डायनासोरांच्या हयातीतच पसरू लागले होते आणि डायनासोर हळूहळू मागे हटत होते, असे चित्र उभे राहिले. पुढे थरांचा बारकाईने अभ्यास झाल्यावर असे दिसून आले की ही वाळू सीमेनंतरच्या, म्हणजे पॅलिओसीन काळातील नद्यांच्या पात्रात साचलेली होती. त्या नद्यांनी खालचे क्रिटेशस थर कापले आणि त्यांतील डायनासोरांचे दात धुऊन आपल्या गाळात मिसळले. दातांची ओळख बरोबर होती. फक्त ते एकत्र सापडले म्हणून प्राणीही एकत्र जगले असावेत, हे अनुमान टिकले नाही. म्हणून नमुन्याचा थर एखाद्या पात्राच्या तळाशी आहे का, ते पात्र खालच्या थरांत किती खोल गेले आहे आणि त्याची वरची कड कोठून सुरू होते, हे तीन प्रश्न वहीत स्वतंत्रपणे लिहून त्यांची उत्तरे द्यावीत.

माती धुणे आणि निवडणे

प्रथम वीस-पंचवीस किलो माती चाचणीसाठी आणावी. तीत काहीच न मिळाल्यास मोठे खोदकाम करण्यात अर्थ नसतो. माती उन्हात पूर्णपणे वाळवावी, कारण अर्धवट ओली माती पाण्यात तशीच राहते, तर कडक वाळलेली माती पाणी शोषताना आपोआप फुटते. चिवट मातीसाठी वाळलेली ढेकळे आधी केरोसीनमध्ये भिजवून, केरोसीन ओतून काढून मग पाण्यात टाकण्याची पद्धत प्रचलित आहे. ती मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूरच वापरावी, आणि उरलेले केरोसीन जमिनीवर किंवा ओढ्यात सोडू नये.

भिजलेला गाळ जाळीच्या तळाच्या पेटीत घेऊन ती पेटी पाण्यात अर्धी बुडवावी आणि हलकेच वरखाली करावी. नळीने जोराचा फवारा मारणे सोयीचे वाटते, पण त्यामुळे दातांची मुळे तुटतात. जाळीची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरची असावीत आणि तिच्यावर तीन-चार मिलिमीटरची जाळी ठेवावी, म्हणजे मोठे खडे लहान दातांना चिरडणार नाहीत. पूर्वी मोठ्या छिद्रांच्या जाळ्या वापरल्या गेल्या तेथील संग्रहांत मोठ्या सस्तन प्राण्यांचेच दात अधिक दिसतात. अशा संग्रहावरून त्या काळच्या प्राण्यांच्या आकारमानाविषयी निष्कर्ष काढताना जाळीचा विचार आधी करावा.

चुनखडी मिश्रित खडक पाण्याने फुटत नाही. त्यासाठी ५ ते १० टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण वापरतात आणि दातांतील फॉस्फेट विरघळू नये म्हणून त्यात कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागा आवश्यक आहे. आम्लातून काढलेला गाळ जितका वेळ आम्लात होता त्याहून कितीतरी अधिक वेळ स्वच्छ पाण्यात ठेवावा, अन्यथा वाळताना क्षारांचे स्फटिक तयार होऊन दात फुटतात. दख्खनच्या थरांतील चर्ट हा गारगोटीसारखा कठीण खडक मात्र पाणी आणि आम्ल या दोहोंना दाद देत नाही. तो हाताने फोडून प्रत्येक ताजा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा लागतो.

गाळ जास्त असल्यास सोडियम पॉलिटंगस्टेट या जड द्रावणाची मदत घेता येते. क्वार्ट्झची घनता सुमारे २.६५ आणि दातांतील ॲपेटाइट या खनिजाची ३.१ च्या आसपास असल्यामुळे, द्रावणाची घनता या दोहोंच्या मधे ठेवली की वाळू तरंगते आणि दात तळाशी बसतात. लोहयुक्त खडेही तळाशीच जातात, तेव्हा निवडण्याचे काम कमी होते, संपत नाही.

वाळलेला गाळ आकारानुसार वेगळा करून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे दहा पट मोठा करून पाहावा. ताटलीवर चौकटी आखलेल्या असाव्यात आणि गाळाचा थर एका कणाएवढाच जाड असावा. दात गडद असतील तर तळाशी पांढरा कागद ठेवावा, फिकट असतील तर काळा. उचलण्यासाठी ओला केलेला अतिबारीक कुंचला वापरावा. चिमट्याने धरलेला दात उडून जातो आणि मग सापडत नाही. निवडून झालेल्या गाळाचा काही भाग दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासावा. मासे, बेडूक, सरडे आणि मगरी यांचे अवशेषही जपून ठेवावेत, कारण पुढे मिश्रणाची शंका आल्यास तेच उपयोगी पडतात.

दात सस्तन प्राण्याचा आहे का?

सस्तन प्राण्यांच्या दाढांना दोन किंवा अधिक स्वतंत्र मुळे असतात आणि माथ्यावर ठरावीक मांडणीत अनेक टोके असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात बहुधा एकाच मुळाचे आणि साध्या आकाराचे असून आयुष्यभर बदलत राहतात. या नियमाला फसवे अपवाद आहेत. ट्रायसेराटॉप्सच्या दाताचे मूळ दुभंगलेले असते. सुदैवाने त्याचा आकार इतका मोठा असतो की घोटाळा टिकत नाही. पॉलिग्लिफॅनोडाँट सरड्यांचे दात आडवे रुंद आणि टोकदार असल्यामुळे ते अधिक धोक्याचे आहेत. अशा वेळी झीज पाहावी. सस्तन प्राण्यांच्या वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींत अचूक बसतात, त्यामुळे टोकांच्या बाजूंवर सपाट, चकचकीत, एकाच दिशेच्या रेघा असलेले झिजलेले पृष्ठभाग तयार होतात. दाताचा रंग मात्र पूर्णपणे दुर्लक्षावा. तो भोवतालच्या मातीतील खनिजांवर अवलंबून असतो.

जबड्याचा तुकडा मिळाल्यास काम सोपे होते. सस्तन प्राण्यांचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा असतो, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनेक हाडांचा असतो.

कोणता गट?

सर्वप्रथम मल्टिट्युबरक्युलेट या आता नामशेष झालेल्या गटाचे दात वेगळे काढावेत, कारण ते ओळखण्यास सर्वांत सोपे आहेत. या प्राण्यांच्या दाढांवर लहान टोकांच्या लांबीच्या दिशेने समांतर ओळी असतात, खालच्या दाढेवर दोन आणि वरच्या दाढेवर दोन किंवा तीन. खालची शेवटची उपदाढ अनेक वंशांत बाजूंनी चपटी, पात्यासारखी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या कंगोऱ्यांची रांग असते. असे पाते एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही. मेसोड्मा हा लहान वंश आणि मेनिस्कोएसस हा त्याहून बराच मोठा, अर्धचंद्राकार टोके असलेला वंश हेल क्रीकमध्ये नेहमी आढळतात. हा गट सीमा ओलांडून पॅलिओसीननंतरच्या इओसीन काळापर्यंत टिकला, म्हणून केवळ मल्टिट्युबरक्युलेट मिळाल्याने वयाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

उरलेल्या बहुतेक दाढा ट्रायबोस्फेनिक प्रकारच्या असतात. वरची दाढ त्रिकोणी असते: जिभेच्या बाजूला प्रोटोकोन हे टोक, गालाच्या बाजूला पॅराकोन आणि मेटाकोन ही टोके. खालच्या दाढेचा पुढचा भाग, म्हणजे ट्रायगोनिड, उंच आणि तीन टोकांचा असतो, तर मागचा भाग, म्हणजे टॅलोनिड, बुटका आणि मध्ये खोलगट असतो. वरचा प्रोटोकोन या खोलगट भागात खलातील बत्त्याप्रमाणे उतरतो आणि त्याच वेळी ट्रायगोनिडच्या कडा कात्रीसारख्या कापतात. गट ठरवण्यापूर्वी दाताची दिशा ठरवावी. तीन मुळे आणि त्रिकोणी माथा असल्यास दाढ वरची; दोन मुळे आणि पुढे उंच, मागे बुटका असा माथा असल्यास खालची. खालच्या दाढेत सर्वांत उंच टोक, म्हणजे प्रोटोकोनिड, गालाच्या बाजूला असते. पुढची दिशा आणि गालाची बाजू कळली की दाढ डावी की उजवी हे निश्चित होते. हे सर्व कागदावर रेखाटन करून ठरवावे. हाताने काढलेल्या चित्रात डोळा जे टाळतो ते टाळता येत नाही.

यानंतर शिशुधान (पिलू पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्यांचे नातलग आणि वारयुक्त (वारेतून गर्भ पोसणाऱ्या) प्राण्यांचे नातलग यांच्यात निवड करायची असते. पहिल्या गटाच्या वरच्या दाढेवर गालाच्या बाजूला रुंद कट्टा असून त्यावर जास्तीची टोके असतात. खालच्या दाढेच्या टॅलोनिडवर मागच्या कडेची दोन टोके जिभेच्या बाजूला एकमेकांना जुळ्यासारखी चिकटून असतात. या गटात तीन उपदाढा आणि चार दाढा असतात. दुसऱ्या गटात सामान्यतः चार उपदाढा आणि तीन दाढा. अल्फाडॉन आणि डायडेल्फोडॉन हे पहिल्या गटातील नेहमीचे वंश होत. डायडेल्फोडॉनच्या फुगीर, जाड उपदाढा सहज लक्षात येतात. त्या काळच्या मानाने मोठा असा हा प्राणी ५ किलोपर्यंत वजनाचा असावा. दुसऱ्या गटातील सिमोलेस्टेसच्या दाढा उंच, टोकदार आणि आडव्या रुंद असतात, तर जिप्सोनिक्टॉप्सची शेवटची उपदाढ जवळजवळ दाढेसारखी दिसते. प्रोटुंग्युलेटमची टोके बुटकी आणि गोलसर असून टॅलोनिड रुंद असतो, म्हणजे कापण्यापेक्षा चिरडण्यावर भर असलेली ती दाढ आहे. पुर्गेटोरियस हा प्रायमेट (माकडे आणि माणूस यांच्या) गणाच्या अगदी आरंभीच्या नातलगांपैकी मानला जाणारा वंश याच दिशेने गेलेला, पण आकाराने लहान आहे.

दक्षिणेकडील भूखंडांवर या साच्याबाहेरचे दातही मिळतात. भारतातील भारतथेरियम या वंशाच्या दाढा उंच माथ्याच्या असून तो गोंडवानाथेरिया या नामशेष गटातील आहे. या गटाची शरीररचना प्रदीर्घ काळ सुट्या दातांवरूनच तर्काने मांडली जात होती. मादागास्करमध्ये याच गटातील व्हिंटानाची कवटी २०१४ मध्ये आणि अडालाथेरियमचा सांगाडा २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्या तर्काला आधार मिळाला. डेक्कनोलेस्टेसच्या बाबतीत घोट्याची हाडेही मिळाली आणि ती झाडावर चढणाऱ्या प्राण्याची असावीत असे दिसते, तरीही त्याचे नेमके नाते कोणाशी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गाळ निवडताना घोट्याची बारीक हाडे बाजूला काढण्याची सवय म्हणूनच उपयोगाची आहे.

दोन चुका वारंवार होतात. पहिली दुधाच्या दातांची: शेवटची दुधाची उपदाढ दाढेसारखीच दिसते, पण तिचे एनॅमल पातळ आणि मुळे फाकलेली असतात, ती न ओळखल्यास एखादी लहान नवी जात अस्तित्वात असल्याचा भास होतो. दुसरी चूक दाढेच्या स्थानाची: एकाच प्राण्याची पहिली आणि शेवटची दाढ आकाराने वेगळी असते. प्रत्येक दाढेची लांबी आणि रुंदी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजून आलेख काढावा. ठिपक्यांचे दोन समूह दिसले, तर त्या दोन जाती मानण्यापूर्वी ती दोन स्थाने तर नाहीत ना, हे तपासावे. शंका उरल्यास जातीचे नाव न लिहिता वंशाच्या नावावर थांबणे हेच योग्य. घाईने दिलेले जातीचे नाव पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जाते.

वयाचा निष्कर्ष

दातांची यादी तयार झाल्यावरच ती थराच्या नोंदीशेजारी ठेवावी. पश्चिम उत्तर अमेरिकेत शिशुधानांच्या नातलगांची सीमेवर मोठी हानी झाली आणि त्यानंतरच्या थरांत प्रोटुंग्युलेटमसारखे वंश विपुल होतात. परंतु प्रोटुंग्युलेटमची क्रिटेशसमधील खात्रीची नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, त्यामुळे एकट्या दातावरून थर पॅलिओसीन ठरवता येत नाही. उलट बाजूने, डायनासोरचा एखादा सुटा दात मिळाला म्हणून थर क्रिटेशसचा ठरत नाही. तो वाहून आलेला असू शकतो, आणि तो झिजलेला नाही एवढ्यावरून वाहून आलेला नाही असेही म्हणता येत नाही. सांध्यांत जोडलेली हाडे मिळाली तरच तो प्राणी त्याच थराचा असल्याची खात्री धरावी.

कोलोरॅडोतील कोरल ब्लफ्स हे स्थळ या दृष्टीने वेगळे आहे. तेथे सस्तन प्राण्यांच्या कवट्या गोलसर, कठीण खडकी गोळ्यांच्या आत सापडतात, त्यामुळे माती धुण्याऐवजी गोळे फोडून पाहावे लागतात. टायलर लायसन, इयन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोक्सोलोफस, टेनिओलॅबिस आणि इओकोनोडॉन यांसारख्या वंशांचा क्रम सीमेनंतरच्या पहिल्या दहा लाख वर्षांत थरानुसार लावता आला. सुमारे ७ लाख वर्षांनंतर इओकोनोडॉनसारखे ५० किलोच्या आसपासचे प्राणी दिसू लागतात. कवट्या असल्यामुळे ओळख सोपी झाली हे खरे, पण आकारवाढीचा वेग सांगता आला तो परागकण, खडकांतील चुंबकीय नोंदी आणि राखेचे वय यांच्या जोडीमुळे.

जतन

तडकलेला दात ॲसिटोनमध्ये पातळ केलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेने दृढ करावा. हा पदार्थ पुन्हा विरघळवता येतो, बाजारातील झटपट चिकटणारा गोंद सहज विरघळवता येत नाही. नंतर दात मेणाच्या किंचित ठिपक्याने टाचणीच्या माथ्यावर बसवून, टाचणी बुचात खोचून काचेच्या लहान नळीत उलटी बंद करावी. छायाचित्र काढण्यापूर्वी अमोनियम क्लोराइडचा पातळ थर दिल्यास झिजेच्या कडा स्पष्ट दिसतात आणि तो थर पाण्याने धुता येतो. नळीवर स्थळक्रमांक, थराचा क्रमांक, संदर्भ थरापासूनचे अंतर आणि निवडणाऱ्याचे नाव लिहावे. वर्णन प्रसिद्ध करण्यापूर्वी नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा. धुतलेल्या गाळातील उरलेला भाग आणि नोंदवहीची प्रतही त्याच क्रमांकाखाली द्यावी.